काशीला न जाता सोडलेलं दूध

आमच्या सासूबाई 1987 साली काशीला गेल्या आणि तोंडली सोडून आल्या. काशीला गेलं की आवडीचं काहीतरी सोडून यायचं, असा रिवाज. त्यांना तोंडली मुळात आवडत होती का, हा प्रश्न सासऱ्यांनी शेवटपर्यंत विचारला. उत्तर मिळालं नाही. पण तेव्हापासून आमच्याकडे तोंडल्याचा मसालेभात असला की त्यांच्यापुरता वांग्याचा वेगळा शिजतो. लग्नकार्यात वाढप्याला आधी सांगून ठेवलं जातं. इतक्या वर्षांत एकानेही त्यांना विचारलं नाही, की अहो, एक फोड खाल्ली तर काय होतंय? तोंडल्यातली जीवनसत्त्वं कुठून मिळवता? तुम्ही सोडून जगातली तोंडली संपणार आहेत का?

मी सहा वर्षांपूर्वी दूध सोडलं. दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, सगळंच. अंडं-मटण आधीही नव्हतं. हे मी काशीला न जाता, पुण्यात, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या उभ्या सोडलं. तिथेच चुकलं. सोडायलाही तिकीट काढावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं.

नाताळच्या सुट्टीपासून संक्रांतीपर्यंतचा काळ हा माझ्या छळाचा हंगाम. परदेशातले भाचे येतात, लग्नं निघतात, एकतीस तारखेला सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायचं असतं, मग भोगी, मग गूळपोळ्या. प्रत्येक पंगतीत वाढणारी बाई माझ्या पानाशी थांबते, हातातली तुपाची वाटी कलती होते आणि सगळी पंगत चर्वण थांबवून माझ्याकडे बघते.

माझं दुखणं खरं तर व्याकरणाचं आहे. मराठीत दोन वाक्यं आहेत. ‘मला दूध चालत नाही’ आणि ‘मी दूध घेत नाही’. पहिल्या वाक्यात मी कुठेच नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, महाराजांनी सांगितलंय, पोटाने सांगितलंय; मी आपली बिचारी. त्या वाक्याला समाजात मान आहे. दुसऱ्या वाक्यात मी स्वतः ठरवलंय. त्या वाक्यावर माणसं चवताळतात. देवासाठी सोडलं तर व्रत, साखरेसाठी सोडलं तर पथ्य, आणि जनावरासाठी सोडलं तर थेरं!

मागच्या एकतीस डिसेंबरला आम्ही चौदा जण एका हॉटेलात गेलो. बाहेर ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी, आत थर्माकोलचा सांताक्लॉज. माणशी चौदाशे रुपये. मी वेटरला बाजूला घेतलं. दूध, दही, तूप, लोणी नको, म्हटलं. “जैन करून देऊ?” कांदा-लसूण चालतं हो मला. “मग पनीर चालेल ना?” पनीर कशाचं असतं, असं विचारल्यावर तो बराच वेळ विचारात पडला. डाळ बटरमध्येच बनवून ठेवलेली होती. भाज्यांची ग्रेव्ही एकच, काजू आणि मलईची. तिच्यातच मटार घातले की एक नाव आणि मश्रूम घातले की दुसरं. नानच्या पिठात दही. रोटी बिनबटरची सांगितली, ती चकाकत आली. “बटर नाही मॅडम, फक्त ब्रश मारलाय.” केक एगलेस होता, म्हणजे अंड्याच्या जागी आटवलेल्या दुधाचा अख्खा डबा. चौदाशे रुपयांत मी कांदा, लोणचं, पापड आणि अननसाच्या तीन फोडी खाल्ल्या.

तेव्हा मी खोटं बोलले. कॅप्टनला बोलावून म्हटलं, मला दुधाची ॲलर्जी आहे, घसा सुजतो, मागे एकदा ॲडमिट करावं लागलं होतं. काय जादू! टाय सरळ करत तो माणूस जातीने आत गेला. पाच मिनिटांत तेलातली जिरं-लसणीची फोडणी दिलेली गरम डाळ, साधा भात आणि कोरडी रोटी माझ्यापुढे. म्हणजे भांडं होतं, तेल होतं, डाळ होती, आचारी होता. नव्हती ती फक्त माझ्या ‘नको’ला किंमत. तीच हॉटेलं मेनूकार्डातल्या निम्म्या पदार्थांतून कांदा, लसूण आणि बटाटा काढून दाखवतात, आणि ते योग्यच आहे. जैन मंडळींनी आपलं ‘नको’ मानाने वसूल केलं. माझ्या ‘नको’मागे धर्म नाही, म्हणून त्याला आजाराचं सर्टिफिकेट जोडावं लागतं.

पुढचा अनुभव लिहिला की घरी बोलणी बसणार आहेत, पण लिहिते. मटण खाणाऱ्या घरात मला कधी त्रास झाला नाही. कोल्हापूरला मैत्रिणीकडे तांबड्या रश्श्याच्या पातेल्याशेजारी माझ्यासाठी मुकाट्याने पिठलं पडतं, भाकरी पडते, ठेचा येतो. तिची आई म्हणते, “तुझं वेगळं केलंय गं,” आणि विषय संपतो. छळ होतो तो शुद्ध शाकाहाऱ्यांकडे. कारण उघड आहे. मटण खाणाऱ्याला आपण जनावर खातो हे माहीत असतं. शुद्ध शाकाहारी माणूस भाडेकरूला ‘नॉनव्हेज चालणार नाही’ असं बजावून, आपल्या अंगाला रक्ताचा शिंतोडा नाही, या समाधानात पाटावर बसलेला असतो. माझं रिकामं दह्याचं वाडगं त्या समाधानाला टोचतं. मी एक अक्षर बोललेली नसते, तरी तो उत्तरं द्यायला लागतो.

आता बोलतेच. माझं माहेर सातारा जिल्ह्यात. चुलतभावाच्या गोठ्यात आठ म्हशी. सहा वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत तिथे गेले होते. पहाटे धार काढायची वेळ. वहिनी रेडकू सोडायच्या. ते धडपडत कासेला लागायचं, ढुशा द्यायचं, म्हैस पान्हवायची, आणि पान्हा आला की लगेच दावं ओढून रेडकू खुंट्याला. त्याच्या तोंडाला फेस, आणि ते दोर ताणून बादलीकडे बघत उभं. लहानपणी हे शंभर वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी दिसलं. त्याच्या शेजारी वगार होती, तिच्यासाठी एक सड राखून ठेवलेला. रेडकासाठी काही नाही. आठ दिवसांनी फोनवर कळलं, गेलं ते. दादा निर्दय नाही. त्याने हिशेब सांगितला. डेअरीत फॅट लावून दर मिळतो, रेडकाने प्यायलेल्या लिटरला कोण दर देणार? नांगराला ट्रॅक्टर आहे, रेडा पोसून करायचं काय? आणि भाकड म्हैस बाजारात जाते, तिथून पुढे कुठे जाते ते मला विचारू नकोस, म्हणाला. विचारायची गरजच नव्हती. 2015 साली महाराष्ट्रात बैल कापायला बंदी आली, त्यात म्हैस-रेडा नाही. म्हशीचं मांस निर्यात करणाऱ्या देशांत आपण पहिल्या काहींत आहोत, आणि त्या म्हशी कुणी मांसासाठी वाढवलेल्या नसतात. त्या आपल्याच चहाच्या, आपल्याच श्रीखंडाच्या म्हशी. दादाला मी दोष देत नाही. वाटी आमच्या पेठेत कलती होते, म्हणून तिकडे दावं ओढलं जातं.

आणि एवढं सगळं घरी एकदा सांगून झाल्यावर, त्याच महिन्यात धाकट्या जाऊबाई डबा घेऊन आल्या. “तू दूध घेत नाहीस ना, म्हणून मुद्दाम खरवस आणलाय. हे दूध नव्हे गं, चीक!” नुकत्या व्यायलेल्या म्हशीचं, वासराच्या पहिल्या घोटाचं ते. वर वेलदोडा, केशर. मी हसले. रडण्यापेक्षा बरं दिसतं.

‘परदेशी खूळ’ हा पुढचा आहेर. शब्द परदेशी आहे, कबूल. 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन नावाच्या सुतारकाम शिकवणाऱ्या मास्तराने आणि त्याच्या सोबत्यांनी ‘व्हेजिटेरियन’ शब्दाची दोन टोकं जोडून ‘व्हीगन’ केला. पण हा आरोप आमचे भाऊजी कधी करतात? एकादशीला, साबुदाण्याच्या खिचडीचा घास हातात धरून. साबुदाणा ज्या कंदाचा, तो अमेरिका खंडातला. दाणे तिथलेच. बटाटा तिथला, मिरची तिथली. चौघेही पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे आले आणि थेट उपवासाच्या ताटात सोवळ्याने बसले. मोहरी मात्र उपवासाला चालत नाही. असो. खिचडीत अस्सल देशी ते काय, वरचं तूप! त्याचा अभिमान मी समजू शकते.

आणि देशी माणूसच हवा असेल तर गांधी आहेत. 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडलं. पुढे इथे आजारी पडले, डॉक्टर म्हणाले दूध घ्या, ते नाही म्हणाले. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली, की तुमची प्रतिज्ञा गाई-म्हशीच्या दुधाची होती, शेळीच्या दुधाला काय हरकत? ते शेळीचं दूध प्यायले, आणि प्रतिज्ञेचा शब्द पाळला पण आत्मा मारला, अशी बोच त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवली. कस्तुरबांवर माझा राग नाही; समोर मरायला टेकलेला नवरा होता. पण माझ्यापुढे येणाऱ्या शेळ्या काय प्रतीच्या! “बिस्किटात कुठे दूध दिसतं?” “तूप म्हणजे दूध थोडंच, कढवल्यावर राहतं काय त्यात?” “प्रसाद आहे, प्रसादाला नाही म्हणू नये.” हा शेवटचा वार आत्याबाईंचा. सत्यनारायणाच्या कथेतल्या, प्रसाद नाकारणाऱ्या तुंगध्वज राजाचं काय झालं, हे त्या शिऱ्याची मूद माझ्या तळहातावर ठेवता ठेवता सांगतात. तो प्रसाद राजाला दिला होता गुराख्यांनी, आणि राजाचा गुन्हा होता गुराख्यांना कमी लेखण्याचा, एवढं कथेतलं त्यांच्या कधी ध्यानात आलेलं नाही.

“मग पैठणी कशी चालते?” हाही एक हुकमी प्रश्न. लग्नातली एक आहे माझ्याकडे, नेसते. किडे मेलेत तिच्यासाठी, ठाऊक आहे. नवी घेतलेली नाही, जुनी जाळलेली नाही. माझा हिशेब फाटका आहे. विचारणाऱ्याला मात्र रेशमाच्या किड्याची आठवण वर्षातून एकदाच येते, माझं पान रिकामं दिसतं तेव्हा.

आमच्या गोटातही शहाणे फार आहेत. वाढदिवसाच्या टेबलावर मोबाइल काढून कत्तलखान्याचा व्हिडिओ दाखवणारी पोरं मला नकोत. आणि ती कॅफे! नाताळात अशाच एका कॅफेत गेले होते. ओटच्या दुधाचे ऐंशी रुपये जास्तीचे, फणसाला मटणाचं सोंग, आणि काळ्या स्लेटवर दोन चमचे काहीतरी, त्यावर ॲव्होकाडो. अरे, बाहेर पडून चार पावलं चाललं तर हातगाडीवर झुणका-भाकर आहे, मिसळ आहे, फक्त ‘दही नको’ एवढं सांगायचं. गोव्यात नाताळच्या फराळात दोदोल असतो, नारळाचं दूध, गूळ आणि तांदळाचं पीठ, बस्स. त्याला कुणी व्हीगन म्हणत नाही म्हणून तो स्वस्तात मिळतो. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याला भरीत-रोडगा असतो. चार महिने वांगं न खाल्लेली माणसं त्या दिवशी पुन्हा वांगं खातात. चार महिने! कुणी त्यांना विचारत नाही, तुमचं लोह कसं भरून निघतं म्हणून. मला विचारतात. मी बी-ट्वेल्व्हची गोळी घेते, हे लपवत नाही. विचारणाऱ्या भाऊजींनाही गेल्या वर्षी डॉक्टरांनी तीच लिहून दिली, रोज दोन कप दूध पिऊन.

गूळपोळ्या आमच्याकडे मीच करते. चिक्कीचा गूळ घ्यायचा नाही, साधा, पिवळा, मऊ. किसून घ्यायचा. तीळ खरपूस भाजून कुटायचे, दाण्याचं कूट थोडं, खसखस, जायफळ. बेसन आमच्या घरी तेलावरच भाजतात, सासूबाईंच्या सासूबाईंपासून. कणकेत मोहन तेलाचं कडकडीत. गूळ मळून गुठळी राहू द्यायची नाही, नाहीतर तव्यावर पोळी फुटते आणि गूळ जळून घरभर धूर. दोन लाट्यांत एक गोळी, कडेपर्यंत गूळ पोचला पाहिजे. सांगायचा मुद्दा हा, की अख्ख्या पोळीत दुधातुपाचा थेंब नसतो. तूप येतं वरून, पानात. आदल्या दिवशीची भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तीही तशीच. हा सण जवळजवळ सबंध माझ्या बाजूचा आहे. माझं भांडण फक्त त्या वाटीशी.

या संक्रांतीला आत्याबाई आल्या होत्या. पंगत बसली, गरम पोळ्या निघाल्या, वाटी फिरायला लागली. माझ्या पानाशी येऊन थांबली. तेवढ्यात सासूबाई, ज्यांनी सहा वर्षांत या विषयावर माझी बाजू कधी घेतली नव्हती, पानातून मान वर न करता म्हणाल्या, “तिला चालत नाही तूप.”

मला भरून यायला हवं होतं. आलंही थोडं. पण जिभेला हाड नाही. हे वाक्य मी हॉटेलात खोटं वापरलं होतं, घरात खोटं नको वाटलं.

“चालतं मला,” मी म्हटलं, “पण मी...”

“चालतं ना? मग!” आत्याबाई म्हणाल्या, आणि चांगलं चमचाभर सोडलं.