बैठकीपूर्वीची बैठक

युरोपीय संघाच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक साधारणतः महिन्यातून एकदा भरते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत मेजाभोवती बसलेल्या मंत्र्यांचे छायाचित्र झळकते, सोबत संयुक्त निवेदनाचा मथळा असतो आणि सत्तावीस राष्ट्रांचे एकमत त्या दोन-चार तासांत घडून आले, अशी वाचकाची समजूत होते. वस्तुतः मंत्र्यांपुढे येणाऱ्या कागदातील बहुतेक शब्द कित्येक दिवस आधीच ठरलेले असतात. ते कोण ठरवितो आणि कसे, याच्याशी सांगली-साताऱ्याच्या वाचकाला काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर तासगावच्या द्राक्षबागेत आहे. परंतु तेथे जाण्यापूर्वी ब्रुसेल्सची ही रीत समजून घेणे आवश्यक आहे.

परराष्ट्रनीतीत सल्लामसलतीने चालण्याचा निश्चय सहा युरोपीय राष्ट्रांनी १९७० मध्ये केला. १९७३ मध्ये सदस्य देशांची परराष्ट्र मंत्रालये 'कोरेऊ' नावाच्या दूरमुद्रक जाळ्याने जोडली गेली आणि एका राजधानीतील टिपण त्याच दिवशी इतर राजधान्यांत पोहोचू लागले. पुढे १९९३ चा मास्ट्रिख्ट करार आणि २००९ चा लिस्बन करार यांनी या व्यवहाराला घटनात्मक रूप दिले. आज प्रत्येक प्रदेशासाठी व विषयासाठी राजनैतिक अधिकाऱ्यांचे कार्यगट आहेत. त्यांच्या वर राजदूतांची राजनैतिक व सुरक्षा समिती असून ती बहुधा आठवड्यातून दोनदा बसते आणि तिच्या बैठकीची पूर्वतयारी करण्यासाठीही आणखी एक गट आहे. अखेरीस स्थायी प्रतिनिधींची समिती विषयपत्रिका दोन भागांत विभागते. ज्यावर सहमती झाली ते विषय चर्चेविना संमत होतात. ज्यावर मतभेद उरले तेवढेच मंत्र्यांपुढे जातात. मंत्र्यांच्या वाट्याला पुष्कळदा दोन-चार वादग्रस्त वाक्ये येतात.

या व्यवस्थेचे आंधळे कौतुक करण्याचे कारण नाही. २००३ मध्ये इराक युद्धाच्या प्रश्नावर ब्रिटन-स्पेन एकीकडे आणि फ्रान्स-जर्मनी दुसरीकडे असा युरोप उभा दुभंगला होता. परराष्ट्रनीतीत एकमताची अट असल्याने एकच सदस्य सारे काही अडवू शकतो. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनच्या सदस्यत्वाच्या वाटाघाटींचा निर्णय व्हावा म्हणून हंगेरीचे पंतप्रधान ओर्बान दालनाबाहेर गेले आणि मागे उरलेल्या सव्वीस जणांनी तो घेतला! परंतु व्यापार आणि अन्नसुरक्षा या क्षेत्रांत अशी एकमताची अडचण सहसा येत नाही. पंचावन्न टक्के सदस्य राष्ट्रे आणि पासष्ट टक्के लोकसंख्या एवढे बहुमत असले की सामान्यतः निर्णय होतो. तेथे युरोपचा आवाज खरोखरच एक असतो आणि तो आपल्या बांधावर येऊन पोहोचतो.

२०१० चा द्राक्ष हंगाम आठवावा. युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइड या संजीवकाचे अवशेष आढळले आणि कंटेनर अडकून पडले. खरड छाटणीनंतर वेलीची शाखीय वाढ आवरण्यासाठी व घडनिर्मितीसाठी हे औषध आपल्याकडे सर्रास वापरले जात असे. बागायतदार त्याला 'लिहोसिन' म्हणूनच ओळखतो. तासगाव, मिरज, कवठे महांकाळ, पलूस या तालुक्यांतील ज्या शेतकऱ्यांनी कर्ज काढून निर्यातक्षम बागा उभ्या केल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांदेखत वर्षाचे कष्ट परक्या बंदरात मातीमोल झाले.

हा अपघात होता काय? कीटकनाशक अवशेषांचा युरोपीय नियम २००५ मध्ये संमत झाला होता. त्यापूर्वी देशोदेशी मर्यादा वेगवेगळ्या होत्या. सप्टेंबर २००८ पासून सर्व सदस्य राष्ट्रांत एकच मर्यादा लागू झाली. म्हणजे नियम संमत होऊन पाच वर्षे आणि लागू होऊन दीड वर्ष उलटल्यावर आपल्याला जाग आली. सदस्य राष्ट्रांचे प्रतिनिधी मर्यादांवर शब्दन्‌शब्द खल करीत होते, तेव्हा तासगावच्या बागायतदाराच्या वतीने त्या दालनाच्या दाराशी कोण उभे होते?

साताऱ्याला या प्रश्नाची जुनी आणि कडू आठवण आहे. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीस धाडले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८४० पासून १८५३ पर्यंत तेथे झगडत राहिले. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत त्यांनी हा विषय धसास लावला, जोसेफ ह्यूम यांच्यासारख्यांचे साहाय्य मिळविले. तथापि मुंबईचा गव्हर्नर, कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल आणि लंडनचे संचालक यांची एकवाक्यता आधीच होऊन चुकली होती. १८४७ मध्ये महाराज निवर्तले, १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. रंगो बापूजींच्या निष्ठेत वा बुद्धीत तिळमात्र उणे नव्हते. ते पोहोचले तेव्हा निर्णय झालेला होता, एवढेच.

आजचा युरोप म्हणजे कंपनी सरकार नव्हे आणि आजचा भारत कोणाचा मांडलिक नाही. २००७ मध्ये सुरू झालेल्या, २०१३ मध्ये खुंटलेल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा हाती घेतलेल्या मुक्त व्यापार वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा २७ जानेवारी २०२६ रोजी नवी दिल्लीत झाली. बरोबरीच्या नात्याने झालेल्या या वाटाघाटींचे स्वागतच केले पाहिजे. परंतु आयातशुल्क उतरले म्हणून अवशेषांची मर्यादा सैल होत नाही. शुल्काचे दार उघडले तरी प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडावाच लागतो.

आपल्या राज्यघटनेनुसार परराष्ट्रांशी करार करणे केंद्राकडे आणि शेती राज्यांकडे आहे. युरोपीय आयोग वाटाघाटी करतो तेव्हा सदस्य राष्ट्रांची व्यापार समिती त्याच्याशी सतत विचारविनिमय करीत असते. दिल्लीचा अधिकारी वाटाघाटीस निघण्यापूर्वी महाराष्ट्राने आपले टिपण त्याच्या हाती द्यावे, अशी नित्याची व्यवस्था राज्यानेही उभी केली पाहिजे. कृषी खाते, मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, द्राक्ष बागायतदार संघ आणि निर्यातदार यांनी हंगामापूर्वी एकत्र बसावे. सहमतीचे विषय एका यादीत, वादाचे दुसऱ्या यादीत लिहावेत.

दुसरे काम याहूनही सोपे आहे. अन्नसुरक्षेचा नवा नियम प्रस्तावित करताना जागतिक व्यापार संघटनेला त्याची सूचना द्यावी लागते आणि हरकतींसाठी साधारणतः साठ दिवस मिळतात. ती सूचना मराठीत, आठवड्याच्या आत, तासगावच्या आणि खटावच्या बागायतदारापर्यंत पोहोचली पाहिजे. नियम खरड छाटणीपूर्वी कळला तर तो सल्ला ठरतो. माल बंदरात अडल्यावर कळला तर शिक्षा. बागायतदारानेही आपली फवारणीची नोंदवही प्रामाणिकपणे ठेवली पाहिजे, कारण खोट्या नोंदींवर कोणत्याही राजदूताला भांडता येत नाही.

राष्ट्राचे सामर्थ्य सीमेवर दिसते, तसेच ते वेळेवर लिहिलेल्या टिपणातही दिसते. रंगो बापूजींना तेरा वर्षे परक्या शहरात दारोदार फिरावे लागले. आपल्या हाती साठ दिवस आहेत. तेही वाया घालविले, तर पुढच्या वेळी दोष ब्रुसेल्सला देता येणार नाही.