हेस्टॅक नव्हे, सुडी!



देशातून आलेल्या पाहुण्यांना इथली म्युझियम्स दाखवणं आपल्यापैकी बहुतेकांना चुकत नाही. इंप्रेशनिस्ट चित्रकारांच्या दालनात क्लोद मोनेची 'हेस्टॅक्स' समोर आली की एक ठरलेलं वाक्य हमखास ऐकू येतं: "विषयाला काही महत्त्व नाही हो, त्याने फक्त प्रकाश रंगवला." मला हे अर्धसत्य वाटतं. ज्याने लहानपणी खळं पाहिलंय, त्या मराठी माणसाने तर ते मुकाट्याने मान्य करू नये.

आधी नावाचं बघू. फ्रेंच नाव 'म्यूल', म्हणजे शेतात रचलेला ढीग. इंग्रजीत त्याचं हेस्टॅक झालं आणि लोकांना वाटायला लागलं की हे गुरांसाठी साठवलेलं गवत. ते गवत नाही. जिव्हर्नी गावात मोनेच्या घराजवळच्या शेतात रचलेला, कापलेला पण न मळलेला गहू आहे तो. शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट आपल्या चित्रांना 'स्टॅक्स ऑफ व्हीट' म्हणतं आणि बॉस्टनचं म्युझियम 'ग्रेनस्टॅक'. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये मात्र 'हेस्टॅक्स'च.

आपल्या भाषेत हा गोंधळ व्हायचं कारण नाही. कडब्याची गंजी वेगळी आणि कणसांसकट पेंढ्या रचलेली सुडी वेगळी. कोकणात भाताचं उडवं असतं. गाव बदललं की शब्द बदलेल, पण आत दाणा आहे की नुसता चारा, हे शेतकऱ्याला विचारावं लागत नाही.

आता कोणी म्हणेल, हा शब्दांचा कीस कशाला? कारण त्या सुडीमुळेच ही चित्रमालिका होऊ शकली. मोनेने ती १८९० च्या उन्हाळ्याच्या शेवटी सुरू केली आणि १८९१ च्या हिवाळ्यातही तो रंगवत होता. सकाळ, संध्याकाळ, धुकं, बर्फ, सगळं बदलतं, सुड्या मात्र जागच्या जागी. का? तर त्या भागात मळणीयंत्र गावोगाव फिरायचं. पीक जुलैत तयार झालं तरी काही शेतांत यंत्र पोचेपर्यंत मार्च उजाडायचा. तोवर गहू भिजू नये म्हणून वर पेंढ्याचं उतरतं छप्पर. चित्रात ते टोकदार छप्पर दिसतं ना, ती शेतकऱ्याची कारागिरी आहे. गुरांचा चारा असता तर हिवाळाभर उपसून कमी होत गेला असता. थोडक्यात, प्रकाश मोनेचा, पण त्याच्यासमोर इतके महिने थांबलं ते शेतकऱ्याचं वर्षाचं उत्पन्न.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कँडिन्स्कीने मॉस्कोच्या प्रदर्शनात यातलं एक चित्र पाहिलं, तेव्हा कॅटलॉग वाचेपर्यंत ते कशाचं आहे हेच त्याला कळलं नाही. तरीही चित्राने त्याला पकडून ठेवलं, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. पुढे अमूर्त चित्रकलेत तो कुठे पोचला ते आपण जाणतोच. म्हणजे विषय न ओळखताही चित्र भिडू शकतं, हे कबूल. पण ज्याला विषय ओळखता येतो, त्याने तो विसरायचा कशाला?

माझी मोनेबद्दल तक्रार एकच. या सुड्यांजवळ माणूस दिसत नाही. मिलेचं १८५७ चं 'ग्लीनर्स' आठवा (पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहे). तिथेही लांबवर अशाच सुड्या आहेत, पण पुढे तीन बाया वाकून सरवा वेचतायत. सुडी कुणाची आणि सरवा कुणाचा, हा प्रश्न मिले विचारतो. मोने विचारत नाही. म्हणून ही दोन चित्रं एकत्र आठवावीत.

मोनेच्या मालिकेतलं एक चित्र २०१९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ११ कोटी ७ लाख डॉलर्सना गेलं. आपल्याकडे आजही मळणीला थांबलेली सोयाबीनची सुडी पेटल्याच्या, कुणी पेटवल्याच्या बातम्या येतात. एका रात्रीत घराचं वर्ष जातं. ही बातमी वाचणाऱ्याला मोनेचं चित्र नुसतं 'पीसफुल' वाटणार नाही. बर्फात उभी असलेली ती सुडी बघून त्याला आधी वाटेल, चला, अजून शाबूत आहे.

गावाकडची जमीन विकून किंवा बटाईने देऊन आलेले आपण, भिंतीवर खेड्याचं चित्र टांगतो आणि हळवे होतो. हळवं व्हायला माझी हरकत नाही. पण पुढच्या वेळी मुलांना घेऊन त्या दालनात जाल तेव्हा प्रकाशाबद्दल सांगून झालं की एवढंही सांगा: याला सुडी म्हणतात, आत गहू आहे, आणि तो कुणीतरी कापून, बांधून, वाहून इथे रचलाय. मराठीचा एक शब्द तरी त्यांच्या पदरात पडेल, आणि चित्रही जास्त कळेल.

मतभेद असतील तर जरूर कळवा.