आधी कान दाखवा, मग मशीन घ्या

राज्य सरकारने 2024 मध्ये ‘मुख्यमंत्री वयोश्री योजना’ आणली, तेव्हा तिरोड्यात आमच्या बचत गटातही तिचीच चर्चा होती. 65 वर्षांवरील आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांच्या खात्यात एकदाच 3000 रुपये. त्यातून चष्मा, काठी, वॉकर, कंबरेचा पट्टा किंवा श्रवणयंत्र घ्यायचं. म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडे न बघता आपली वस्तू आपण घेता येणं ही लहान गोष्ट नाही. पण मैत्रिणींनो, काठी आणि कानाचं मशीन यात फरक आहे. काठी आखूड पडली तर लगेच कळतं. कानातला आजार मात्र मशीनमागे लपून वाढत राहतो.

मशीन आवाज मोठा करतं. ऐकू का येत नाही, हे ते सांगत नाही. वयामुळे ऐकू कमी आलं असेल तर त्याचा चांगला उपयोग होतो. पण कधी कानात नुसता मळ साचलेला असतो, तो काढला की भागतं. कधी पडद्याला भोक असतं, कान वाहत असतो. अशा कानात बूच घट्ट बसवलं की ओल कोंडते नि पू वाढतो. वर्षानुवर्षं घाण वासाचा पू येत असेल तर आत हाड कुरतडणारा आजार असू शकतो आणि तो मेंदूपर्यंत पोचू शकतो. ओटोस्क्लेरोसिस तर आपल्या बायकांतच जास्त. कानातलं इवलंसं हाड हलेनासं होतं. त्यावर शस्त्रक्रिया आहे, पण आधी कळायला तर हवं!

गटातल्या एकीच्या सासूबाईंना दुकानदाराने कानात न डोकावताच मशीन दिलं. चार दिवसांत कान ठणकला, मशीन पेटीत गेलं. ‘म्हातारीला सवयच नाही,’ म्हणून सगळे मोकळे! पुढे डॉक्टरांनी बघितलं तर पडद्याला भोक.

अमेरिकेत ऑक्टोबर 2022 पासून प्रौढांना सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी थेट दुकानातून मशीन मिळू लागलं. पण डॉक्टरांकडे कधी जायचं, हे डब्यावर छापणं सक्तीचं केलं. आपल्याकडे डबा कोण वाचतो? म्हणून हे प्रश्न आपणच विचारू या. कानातून पू, पाणी, रक्त येतं का? कान दुखतो का? चक्कर येते का? एकाच कानाने कमी ऐकू येतं का? ऐकणं अचानक कमी झालं का? एकालाही ‘हो’ आलं, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. अचानक ऐकू येईनासं झालं असेल तर त्याच दिवशी निघा. त्यावरचं औषध सुरुवातीच्या दिवसांतच गुण देतं. तोवर कानात तेल नको, हेअरपिनही नको.

उपजिल्हा रुग्णालय तिरोड्यातच आहे, आणि गोंदियाला 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही 2007 मध्येच सुरू झाला. तेव्हा गावात मशीनवाटपाचं शिबिर आलं, की बायांनी पुढे होऊन एकच विचारावं, ‘कान बघणारा डॉक्टर आणला का?’ आणि हो, सासूबाईंचा कान दाखवायला जाल तेव्हा स्वतःचाही दाखवून या. बाईला ऐकू आलं नाही की ‘लक्षच नसतं हिचं’ म्हणायची आपल्याकडे रीत आहे. म्हणून तर आपला कान सगळ्यात शेवटी तपासला जातो.