साहेबांच्या आठ वह्या

परवा नानाकाकांशी फोनवर चांगलीच जुंपली. तसे आमचे वाद नेहमीचेच, पण या वेळी त्यांनी "तुला नाही कळायचं ते" म्हणून फोन ठेवला आणि मी तासभर एकटाच बडबडत बसलो. म्हटलं, बडबडण्यापेक्षा लिहून काढावं. नाना हे वाचतीलच. त्यामुळे नाना, आधीच सांगतो, रागावू नका.

विषय होता जनरल डेव्हिड पेट्रेयस. नाना यूट्यूबवर त्यांची मुलाखत बघत होते आणि भारावून गेले होते. "काय माणूस आहे! आणि असल्या माणसाला चार वह्यांसाठी कोर्टात उभं केलं त्या लोकांनी!"

चार नाही नाना, आठ.

ज्यांना हे प्रकरण आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेट्रेयस म्हणजे अमेरिकेचे चार तारेवाले जनरल. 2007 मध्ये इराक हाताबाहेर गेलं होतं तेव्हा तिथली सूत्रं त्यांच्याकडे आली. पुढे अफगाणिस्तानातही तेच सेनापती. 2011 च्या सप्टेंबरात ते सीआयएचे प्रमुख झाले. अफगाणिस्तानात असताना ते काळ्या पुठ्ठ्याच्या वह्यांमध्ये स्वतःच्या हाताने टिपणं काढत. त्यात काय नव्हतं? गुप्तहेरांची खरी ओळख, युद्धाचे डावपेच, राष्ट्राध्यक्षांबरोबरच्या बैठकांमधली बोलणी. 2011 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी या आठ वह्या पॉला ब्रॉडवेल यांना वाचायला दिल्या. या बाई त्यांचं चरित्र लिहीत होत्या आणि दोघांचे प्रेमसंबंधही होते. वह्यांमध्ये अत्यंत गोपनीय मजकूर आहे हे पेट्रेयसनी आधी स्वतःच त्यांना सांगितलं होतं, आणि ते बोलणं ध्वनिमुद्रित झालेलं आहे. म्हणजे "चुकून झालं" म्हणायची सोय नाही.

बरं, त्यांचं प्रेमप्रकरण हा त्यांच्या घरचा प्रश्न. त्यात मला काडीचाही रस नाही. मला खटकतं ते पुढचं.

23 ऑक्टोबर 2012. जॉन किरियाकू नावाच्या सीआयएच्या एका माजी अधिकाऱ्याने गुन्हा कबूल केला. गुन्हा काय, तर एका गुप्त अधिकाऱ्याचं नाव पत्रकाराला सांगितलं. त्या दिवशी सीआयएचे प्रमुख म्हणून पेट्रेयसनी निवेदन काढलं. त्याचा आशय असा, की घेतलेल्या शपथेला अर्थ असतो आणि स्वतःला कायद्यापेक्षा मोठं समजणाऱ्यांना परिणाम भोगावेच लागतात. वाचून टाळ्या वाजवाव्यात असं निवेदन!

आणि तीनच दिवसांनी, 26 ऑक्टोबरला, एफबीआयचे लोक त्यांच्याच ऑफिसात येऊन विचारत होते, तुम्ही ब्रॉडवेलबाईंना काही गोपनीय कागद दिलेत का? हे म्हणाले, नाही. साफ खोटं. पुढे एप्रिल 2013 मध्ये त्यांच्या घराची झडती झाली तेव्हा त्या वह्या टेबलाच्या खणात सापडल्या. खणाला कुलूपही नव्हतं.

शेवट काय झाला? किरियाकूला 30 महिने तुरुंग. पेट्रेयसवर 2015 मध्ये गोपनीय कागद अनधिकृतपणे बाळगल्याचा एक किरकोळ गुन्हा लावला गेला आणि तडजोडीत तो त्यांनी कबूल केला. एफबीआयशी खोटं बोलणं हा तिथे पाच वर्षांपर्यंत शिक्षा असलेला गुन्हा आहे, तो लावलाच नाही. दोन वर्षांची प्रोबेशन आणि एक लाख डॉलर दंड. सरकारी पक्षाने 40 हजारांवर भागवायचं ठरवलं होतं, तो दंड न्यायाधीशांनी वाढवला, एवढंच काय ते समाधान. आणि 2016 च्या शेवटी, प्रोबेशन चालू असतानाच, परराष्ट्रमंत्रिपदासाठी त्यांच्या नावाची चर्चा होती!

आता नानांचे मुद्दे घेऊ. ते फालतू नाहीत.

पहिला मुद्दा, नुकसान काय झालं? पुस्तकात त्या वह्यांमधली एकही गुप्त गोष्ट छापली गेली नाही. ब्रॉडवेल स्वतः लष्कराच्या राखीव दलातल्या अधिकारी. मान्य. पण मग क्रिस्टियन सॉशियेचं काय? हा अमेरिकन नौदलातला साधा खलाशी. 2009 मध्ये, विशीतल्या या पोराने आपल्या अणुपाणबुडीच्या आत मोबाइलवर सहा फोटो काढले. ते त्याने कुठल्या शत्रूला दिल्याचं सिद्ध झालं नाही. चौकशी सुरू झाल्यावर त्याने पुरावे नष्ट केले हे खरं, पण पेट्रेयसही चौकशीत खोटंच बोलले होते की. सॉशियेला 2016 मध्ये एक वर्षाचा तुरुंगवास झाला. तो भोगून बाहेर आल्यावर, 2018 मध्ये त्याला माफी मिळाली. उलट जनरल जेम्स कार्टराइट, हेही चार तारेवाले. एफबीआयशी खोटं बोलल्याचं त्यांनी ऑक्टोबर 2016 मध्ये कबूल केलं आणि जानेवारी 2017 मध्ये, शिक्षा सुनावली जाण्याआधीच, त्यांना राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली. खलाशाला माफी शिक्षेनंतर, जनरलला शिक्षेआधी. यातच सगळं आलं.

दुसरा मुद्दा, त्यांनी देशासाठी एवढं केलं त्याचं काही मोल आहे की नाही? आहे ना! पण त्याची जागा कुठे, एवढंच माझं म्हणणं आहे. शिक्षा किती द्यायची हे ठरवताना न्यायाधीशाने माणसाची सेवा, जखमा, पदकं जरूर बघावीत. आरोप कुठला लावायचा हे ठरवताना ती बघू नयेत. पुण्याच्या खात्यातून पापाची उधारी परस्पर वळती करायची सोय एकदा झाली, की ती फक्त मोठ्यांनाच परवडते. पोरसवदा खलाशाच्या खात्यात पुण्य जमायला वेळच कुठे मिळालेला असतो?

तिसरा मुद्दा, आणि नानांनी तो अगदी कळवळून मांडला. सेनापतीला कोर्टात खेचलं की फौजेचं मन खचतं. मला नेमकं उलट वाटतं. लहानपणापासून रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट आपण कशासाठी सांगतो? समोर राघोबादादा होते म्हणूनच ना? एखाद्या शिलेदाराला शिक्षा सुनावली असती तर ती गोष्ट कुणाच्या लक्षात राहिली असती?

कुणी म्हणेल, अमेरिकेचं काय घेऊन बसलास? आपल्याकडे तर याहून विदारक झालंय. कॅप्टन बी. के. सुब्बाराव हे नौदलातून निवृत्त झालेले अधिकारी. 1988 मध्ये अमेरिकेला निघाले असताना मुंबई विमानतळावर त्यांना ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्टखाली अटक झाली. सोबत होता त्यांचा आयआयटी मुंबईचा पीएच.डी.चा प्रबंध! 20 महिने तुरुंगात काढले, स्वतःचा खटला स्वतः लढवला आणि निर्दोष सुटले. त्या 20 महिन्यांचं काय?

म्हणून गैरसमज नको. सगळ्यांना तुरुंगात टाका असं मी म्हणत नाही. हे कायदे फार कडक आहेत आणि 'गोपनीय' हा शिक्का कशावरही मारला जातो, हे मलाही पटतं. पण ते बदलणार कधी? जनरलला झळ बसेल तेव्हाच. वरच्यांसाठी मागचं दार उघडं असलं की पुढच्या दाराची कडी काढायची गरज कुणालाच वाटत नाही. पेट्रेयसच्या बाबतीत दया दाखवता आली, म्हणजे कायद्यात दयेला जागा आहे. मग ती खलाशालाही मिळू दे. नसेल मिळणार तर जनरललाही नको.

आणि नाना, आता शेवटचं. तुम्हीच लहानपणी आम्हाला सांगितलेली गोष्ट. तुमच्या ऑफिसातल्या त्या लान्स नायकाची. संध्याकाळी घरून तार आली म्हणून घाईत निघाला आणि गोपनीय शिक्क्याचं एक पत्र कपाटात ठेवायचं राहून टेबलाच्या खणात राहिलं. खण तर बंद होता. पत्र सकाळी जागच्या जागी सापडलं. तरी त्याला 28 दिवस कोठडी झाली. गोष्ट सांगून झाल्यावर तुम्ही म्हणाला होतात, "वाईट वाटलं रे, पण नियम म्हणजे नियम."

त्या खणात एकच पत्र होतं, नाना. साहेबांच्या खणात आठ वह्या होत्या.

रविवारी फोन करतो. उचला.