कर घेणारं सरकार, तक्रार ऐकणारं सरकार

चीनची आजची राज्ययंत्रणा १९४९ साली कम्युनिस्ट सत्तेवर आल्यावर अचानक उभी राहिली, हा समज सोडून द्यावा. तिची घडण जपानविरुद्धच्या युद्धात, १९३७ ते १९४५ या काळात सुरू होती. तीही एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन राजवटींत: चांग काय-शेक यांची राष्ट्रवादी आणि माओंची कम्युनिस्ट.

१. शांघाय, नानकिंग पडलं आणि चांग काय-शेक यांचं सरकार अखेर चोंगचिंगला स्थिरावलं. किनाऱ्याबरोबर जकातीचं उत्पन्नही गेलं. नोटा छापल्या, महागाई भडकली. शेवटी १९४१ साली सरकारनं १९२८मध्ये प्रांतांना दिलेला जमीन महसूल परत घेतला आणि तो रोखीऐवजी धान्यात वसूल करायला सुरुवात केली. त्यासाठी अन्न मंत्रालय काढलं. कागदावर ही मोठीच सुधारणा होती, आणि फौजेला धान्य मिळालं हेही खरं.

२. पण हे धान्य कुणाच्या घरातून आलं? हनान प्रांताकडे पाहा (दक्षिणेचा हुनान वेगळा). १९३८मध्ये जपान्यांना अडवण्यासाठी याच सरकारनं तिथे पीत नदीचा बांध फोडला होता. १९४२मध्ये दुष्काळ पडला, तरी वसुली सुरूच राहिली. सर्वसाधारण अंदाजानुसार वीस ते तीस लाख माणसं मेली. १९४४मध्ये जपानी फौजा चालून आल्या, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी माघार घेणाऱ्या आपल्याच सैनिकांची हत्यारं हिसकावून घेतली. सरकारबद्दलचं मत याहून स्पष्ट कसं द्यायचं?

३. आपला तळ असलेल्या येनानमध्ये कम्युनिस्टांनीही १९४१ साली वसुली ९० हजारांवरून २ लाख डानांवर (डान हे धान्याचं माप) नेली. लोक चिडले. त्याच वर्षी ली डिंगमिंग या पक्षाबाहेरच्या जमीनदारानं फौज आणि कचेऱ्या आटोपशीर करण्याचा प्रस्ताव मांडला. माओंनी तो उचलून धरला आणि पुढच्या वर्षी वसुली घटली. पक्षाबाहेरच्याचं ऐकून खर्च कापणं ही माझ्या मते त्या युद्धातली खरी प्रशासकीय सुधारणा.

४. त्या युद्धात चीनमध्ये रुग्णसेवा करणाऱ्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांमुळे येनान मराठी मनात आदरानं वसलं आहे. तो आदर राहू द्या, पण चित्र पुरं पाहू या. खर्च भागवायला येनाननं अफूही विकली. नेत्यांना मिळणाऱ्या वेगळ्या अन्नवस्त्रांवर १९४२मध्ये लिहिणाऱ्या वांग शिवेइंना तुरुंगात टाकलं आणि १९४७मध्ये ठार केलं. करावर बोलता येत होतं, नेत्यांच्या ताटावर नाही.

५. म्हणून सरकार किती वसूल करू शकतं, यावरून त्याची क्षमता मोजू नये. १९४९नंतर वसुलीची यंत्रणा गावोगाव पोचली. ली डिंगमिंगसारख्यांची जागा मात्र उरली नाही. १९५९मध्ये लूशानच्या बैठकीत पंग दहुआय यांनी माओंच्या ‘मोठी झेप’ धोरणावर टीका केली, तर त्यांचं संरक्षणमंत्रिपद गेलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्याच हनानमधल्या शिनयांग भागात, सरकारी कोठारांत धान्य असताना, सुमारे दहा लाख माणसं मेली.