मोडलेले लग्न आणि खोटे लग्न

अनुवादाचे जे थोडेफार काम आमच्या हातून झाले आहे, त्यात गेल्या हिवाळ्यात केलेल्या एका कामाची नोंद कोणत्याही सूचीत होणार नाही. अमेरिकेत राहणाऱ्या एका मराठी बाईंच्या अर्जाला जोडायची कागदपत्रे इंग्रजीत आणून द्यायची होती: लग्नपत्रिका, सासूबाईंची दोन पत्रे, आणि बाईंनी आपल्या आईला फोनवरून पाठवलेले शे-दीडशे मेसेज. बाई सातारा जिल्ह्यातल्या. नवरा मराठीच, पण पुष्कळ वर्षांपूर्वी तिकडे गेलेला आणि तिथला नागरिक झालेला. लग्नाला वर्ष उलटल्यावर त्या तिकडे पोचल्या आणि पुढच्या पंधरा-सोळा महिन्यांत लग्न मोडले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.) आता त्या देशात त्यांना राहता येणार की नाही, हे या कागदांवर बरेचसे अवलंबून होते. साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रकरणात लक्ष घालावे असे आम्हांला का वाटते, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण या विषयात ऐकीव माहितीचा सुकाळ आहे. अमेरिकन नागरिकाशी किंवा तिथल्या कायम रहिवाशाशी झालेल्या लग्नाच्या आधारे ज्याला ग्रीन कार्ड मिळते, त्याच्या लग्नाला त्या दिवशी दोन वर्षे पुरी झालेली नसतील तर ते कार्ड सशर्त असते, दोन वर्षांपुरते. मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत पतिपत्नींनी संयुक्त अर्ज करून (‘आय-७५१’ हे त्याचे नाव) ती अट काढून घ्यायची. लग्न दोन वर्षांहून जुने असेल तर अट नसतेच. दहा वर्षांचे कार्ड मिळते आणि पुढे घटस्फोट झाला म्हणून ते जात नाही. नागरिकत्वासाठी तेवढे तीनऐवजी पाच वर्षे थांबावे लागते. तेव्हा ‘घटस्फोट झाला की हाकलून देतात’ ही आपल्याकडे नातेवाइकांच्या तोंडी असलेली समजूत, आणि पुष्कळ नवऱ्यांच्या तोंडी असलेली धमकी, सरसकट खरी नाही. पण त्या पहिल्या दोन वर्षांत ती अगदी पोकळही नसते. संयुक्त अर्जावर दोघांच्या सह्या लागतात, आणि सही न करणे हे एक मोठे हत्यार आहे. (हे हत्यार बायकांच्याही हाती असू शकते, परदेशी नवरेही या अटीखाली असतात. आमच्यासमोर आलेले प्रकरण बाईचे होते, म्हणून येथे ‘ती’.)

ही अट आली १९८६ च्या कायद्याने. त्याच्या आदल्या वर्षी स्थलांतर खात्याने सिनेटच्या उपसमितीपुढे सांगितले होते की लग्नाच्या आधारे आलेल्या अर्जांपैकी सुमारे तीस टक्के बनावट असावेत. तो आकडा शाबीत झालेल्या प्रकरणांचा नसून नुसत्या संशयितांचा होता, हे पुढे न्यायालयात उघड झाले. तोवर कायदा होऊन गेला होता. त्या कायद्याच्या मूळ मजकुरातली एक जागा आम्हांला फार बोलकी वाटते. लग्न मोडले असेल तर एकटीने अर्ज करण्याची सोय त्यात होती, पण लग्न तिने स्वतः आणि सबळ कारणासाठी मोडलेले असले पाहिजे, अशी त्यात मेख होती. म्हणजे नवऱ्याने तिच्याआधी न्यायालय गाठून घटस्फोट मिळवला की तिचे दार बंद. १९९० साली ते मोजके शब्द खोडण्यात आले आणि छळ झालेल्या जोडीदारासाठी वेगळी सोय घालण्यात आली. आज लग्न कोणी मोडले आणि का मोडले, हा निकष उरलेला नाही. लग्न करताना हेतू खरा होता, एवढे तिने सिद्ध करायचे असते.

‘एवढे’ हा शब्द आम्ही सहज लिहून गेलो. खरा प्रश्न येथेच सुरू होतो.

हेतू सिद्ध कसा करायचा? खाते जे पुरावे मागते त्यांत दोघांच्या नावचा भाडेकरार, संयुक्त बँकखाते, एकत्र भरलेला आयकर, विमा, मुलांचे जन्मदाखले, आणि ओळखीच्या लोकांची प्रतिज्ञापत्रे येतात. याखेरीज अर्जदार स्वतःचे निवेदन जोडते: आम्ही कसे भेटलो, लग्नाचा निर्णय कसा झाला, कसे राहिलो, आणि शेवटी काय बिनसले. हे निवेदन म्हणजे एक कथाच आहे, आणि तिला ठरलेला साचा आहे. आधी ओळख, मग ओढ, मग एकमेकांची निवड, मग संसार; आणि लग्न मोडल्याचे दुःख असे की त्यावरून मूळच्या प्रेमाची खात्री पटावी. घराघरांतून, वकिलांच्या कचेऱ्यांतून हा वाङ्मयप्रकार रोज लिहिला जातो. त्याचा वाचक एकच असतो, आणि त्याच्या अभिप्रायावर लेखिकेचा मुक्काम ठरतो.

आमच्या बाईंची कथा या साच्यात बसेना. त्या नवऱ्याला प्रथम भेटल्या त्या मावशीच्या घरी, पाऊण तास, चारचौघांत. अकराव्या दिवशी साखरपुडा. तिकडे भाडेकरार नवऱ्याने लग्नापूर्वीच केलेला, खाते त्याच्या एकट्याचे, गाडीही त्याचीच. मूल नाही. फोटो म्हणावे तर लग्नातले सहाशे, आणि त्या सहाशेंत दोघेच आहेत असा एकही नाही! लग्न खोटे असते तर पुरावा याहून चांगला जमवता आला असता, असे त्यांच्या वकीलबाई म्हणाल्याचे आमच्या कानावर आले. त्या विनोदाने म्हणाल्या असतील. आम्हांला मात्र त्यात पुष्कळ तथ्य दिसते. ज्याला फसवायचे आहे तो यादी वाचून संसार मांडतो. ज्याला संसार करायचा आहे त्याला यादी ठाऊकच नसते.

खात्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की ठरवून केलेले लग्न तिथल्या कायद्याला अमान्य नाही, आणि अशी लग्ने त्या अधिकाऱ्यांना नवीनही नाहीत. न्यायालयांनी तर फार पूर्वीच शहाणपणाची भूमिका घेतली आहे. बार्क नावाच्या कोरियन गृहस्थाचे हवाईत झालेले लग्न काही काळातच विस्कटले आणि पतिपत्नी वेगळी राहू लागली, एवढ्यावरून ते लग्न बनावट ठरवण्यात आले होते. १९७५ साली नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. दोघांनी लग्न करताना एकत्र आयुष्य काढण्याचे मनात धरले होते का, हा प्रश्न. नंतरची फारकत त्या मूळ हेतूवर प्रकाश टाकील तेवढ्यापुरतीच पाहायची. परदेशी माणसाचे लग्न नागरिकांच्या लग्नाहून अधिक रूढ किंवा अधिक यशस्वी असले पाहिजे असा आग्रह धरता येणार नाही, असेही त्या न्यायालयाने बजावले. मोडलेले लग्न आणि खोटे लग्न यांतला फरक इतक्या स्वच्छपणे मांडणारे वाक्य आम्ही आपल्याकडच्या कौटुंबिक कादंबऱ्यांत शोधत आहोत. आपल्या कथांत मोडलेले लग्न बहुधा मुळातच चुकलेले असते. वाचकाला पहिल्या प्रकरणातच तशा खुणा पेरून ठेवलेल्या सापडतात. शेवटावरून आरंभाचा अर्थ लावण्याची ही सवय वाचक म्हणून आपल्या अंगवळणी पडली आहे. फाइल उघडून बसलेल्या अधिकाऱ्यालाही तीच सवय असली, तर अर्जदाराने काय करावे?

यात काळाचा पेच आणखी वेगळा. एकटीने करायच्या या अर्जाला घटस्फोटाचा अंतिम हुकूमनामा लागतो. नवरा संयुक्त अर्जावर सही करत नाही आणि घटस्फोटाचा दावा तर रेंगाळलेला, अशा अवस्थेत ती ना धड विवाहित ना धड घटस्फोटित. त्यात दोन देश. तिकडच्या न्यायालयाने दिलेला घटस्फोट भारतात मान्य होईलच असे नाही. हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावरून मिसुरी राज्यात नवऱ्याने मिळवलेला घटस्फोट आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली मान्य केला नव्हता. म्हणजे एकीकडे लग्न संपल्याचा कागद हवा, आणि दुसरीकडे तोच कागद दाखवला तरी लग्न शिल्लक! एक कागद मात्र घटस्फोटानेही सुटत नाही. बायकोला आणताना नवऱ्याने सरकारला लिहून दिलेले आर्थिक जबाबदारीचे हमीपत्र १९९६ च्या कायद्यापासून न्यायालयात बजावता येते आणि घटस्फोटाने ते संपत नाही. ती नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या नावे साधारण दहा वर्षांचे काम जमेपर्यंत, अथवा ती देश कायमचा सोडेपर्यंत, ते चालूच राहते. सप्तपदीपेक्षा हमीपत्र चिवट. असो.

मात्र आमच्या बाईंना निदान आपली कथा सांगता आली. महाराष्ट्रातून संगणकाच्या नोकरीवर गेलेल्यांच्या बायकांपैकी कितीतरी जणी ‘एच-४’ या व्हिसावर असतात आणि त्यांची गोष्ट निराळी आहे. नवऱ्याला नोकरीमार्फत ग्रीन कार्ड मिळेल तेव्हा तिलाही त्याच्याबरोबर मिळायचे. भारतात जन्मलेल्यांची ही रांग दहा वर्षांच्याही पलीकडे जाते. कार्ड हाती येण्यापूर्वी घटस्फोट झाला तर तिचा व्हिसा जातो आणि रांगेतली जागाही जाते. २०१५ पासून यांपैकी काहींना मिळू लागलेला कामाचा परवानाही त्या व्हिसालाच बांधलेला. संसार दहा वर्षांचा असो, मुले तिथे जन्मलेली असोत, लग्न खरे होते का हे तिला कोणी विचारतच नाही. तिचे निवेदन मागवले जात नाही. संशय घेतला जाण्यासाठीसुद्धा माणूस आधी दिसावे लागते, हे आम्हांला त्या दोन अर्जांची तुलना करताना जाणवले. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या कथा आम्ही आवडीने वाचतो. त्यांत बर्फ असतो, आईचे आजारपण असते, मुलांचे उच्चार असतात. व्हिसाची मुदत हे कथेचे कारण झालेले आमच्या वाचनात क्वचितच आले. नवऱ्याचा हात सोडावा की न सोडावा हे ठरवताना जी बाई आधी कॅलेंडर पाहते, तिच्या मनाचे चित्रण ‘मानसिक द्वंद्व’ या शब्दांत मावणारे नाही.

आता पुन्हा त्या मेसेजांकडे येतो. आईला लिहिताना बाई नवऱ्याचे नाव कोठेच घेत नाहीत. ‘ह्यांना ताप आहे’, ‘ह्यांच्यासाठी भाकरी केली, पीठ इथे मिळतं’, ‘हे रागावलेत पण जेवले’. मराठी वाचकाला त्या ‘हे’मधली जवळीक, धाक, हक्क सगळे एकदम ऐकू येते. इंग्रजीत त्याचा उरतो तृतीय पुरुषातला कोणीतरी एक इसम. अनुवादकाला येथे तळटीप देऊन सुटता येत नाही. अनुवाद पूर्ण आणि अचूक आहे व आपण तो करण्यास सक्षम आहोत, असे लिहून खाली सही करायची असते. आम्ही प्रत्येक ठिकाणी ‘माझे पती’ असे केले. हे अचूक आहे का, यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला. एकाचे म्हणणे, मूळ मजकुरात नसलेले नाते आपण घातले. दुसऱ्याचे, मूळ मजकुरात नात्याशिवाय दुसरे काहीच नाही. सासूबाईंच्या पत्रातल्या ‘तू आमच्यात छान रुळलीस’ या वाक्याने तितका त्रास दिला नाही, आणि खरे तर साऱ्या फाइलमध्ये बाईंच्या बाजूचा याहून बळकट पुरावा नसेल.

सर्वांत अडलो ते एका मेसेजपाशी. लग्न मोडण्याच्या दोन महिने आधी आईने ‘परत ये’ म्हटल्यावर बाईंनी लिहिले होते: ‘मी इथं नांदायला आले, फिरायला नाही.’ रखमाबाईंचा खटला वाचलेल्यांना या क्रियापदाचे वजन सांगायला नको. ज्या मुंबईत १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी एका महिन्यात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असे फर्मावले, आणि ज्या बाईने तुरुंग पत्करते म्हणून सांगितले, त्या मुंबईच्या मराठीत ‘नांदायला जाणे’ हा साधा शब्द उरला नव्हता. पुढच्याच वर्षी तडजोड झाली, रखमाबाई विलायतेहून डॉक्टर होऊन आल्या. शब्द मात्र मागेच राहिला, आणि तो आता एका परक्या कचेरीत आमच्या बाईंच्या बाजूने साक्ष द्यायला उभा होता. ज्या शब्दाने एकीला बांधले जात होते, त्याच शब्दावर दुसरीचा खरेपणा टिकायचा होता. ‘राहायला’ म्हणावे तर तो भाडेकरूचा शब्द झाला. ‘संसार करायला’ म्हणावे तर त्यातून सासर गळते.

पाच मसुदे झाले. शेवटी आम्ही त्या एका शब्दाच्या जागी नऊ इंग्रजी शब्द लिहिले आणि खाली सही केली. अर्ज अजून निकालात निघालेला नाही.