लुळे मांजर आणि नमाजेची जागा

सहरीला उठल्यावर घरातले पहिले काम कोणते? बहुतेक घरांत चहाचे आधण ठेवणे. ज्या घरात कंबरेतून लुळे पडलेले मांजर आहे, तिथे मात्र आधी त्याच्या खालचे फडके बदलावे लागते.

मंठा-जिंतूर रस्त्यावरून सेलूकडे वळायचे ते ठिकाण म्हणजे देवगाव फाटा. ट्रक, ट्रॅव्हल्स, जीपगाड्यांची ये-जा. अशा रस्त्याकाठच्या वस्तीत मांजर गाडीखाली सापडणे नवे नाही. काही जागीच मरतात. काही वाचतात, पण पाठीच्या कण्याला मार बसून मागचे पाय जातात आणि लघवी-संडासवरचा ताबाही जातो. पुढच्या दोन पायांवर सरपटत मांजर पुन्हा त्याच उंबऱ्यावर येते.

यावर आपल्याकडे जुना तोडगा आहे. पोत्यात घालायचे आणि दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडून यायचे. धडधाकट मांजर तिथे उंदीर मारून जगेल. लुळे मांजर कुत्र्यांच्या तोंडी जाणार, हे सोडणाऱ्यालाही ठाऊक असते. प्राण्याला असे उपाशी-तहानलेले मरायला टाकणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. पण पोत्याचे तोंड बांधताना कायदा कोणाला आठवतो?

रमजानमध्ये या पोत्याला एक कारणही मिळते. घरात पाच वेळची नमाज, कुरआनचे पठण, आणि मांजराची लघवी नापाक. मग घर पाक कसे राहणार? हे कारण खोटे नाही. लघवी लागलेले कपडे, लघवी सांडलेली जागा धुतल्याशिवाय नमाजेला चालत नाही. पण नापाक आहे ती लघवी, मांजर नव्हे.

अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या हदीस संग्रहांत एक घरगुती प्रसंग आहे. हजरत अबू कतादा यांच्यासाठी त्यांची सून कबशा वजूचे पाणी ओतत होती. तेवढ्यात मांजर आले. अबू कतादांनी भांडे तिरके करून त्याला पाणी पिऊ दिले. सून बघतच राहिली. तेव्हा त्यांनी सांगितले की, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मांजराला नापाक मानलेले नाही, ते घरात आपल्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकीच आहे. अबू दाऊदमध्येच हजरत आयेशा यांचीही हकिकत आहे. त्या नमाजेत असताना कोणीतरी हरीसा आणला, मांजराने त्यात तोंड घातले, आणि नमाज संपल्यावर त्यांनी मांजराने खाल्लेल्या बाजूनेच तो खाल्ला. प्रेषितांनी झोपलेल्या मांजरासाठी बाही कापल्याची गोष्ट मोबाईलवर फिरत असते. हदीसच्या प्रमुख संग्रहांत ती मिळत नाही, आणि तिची गरजही नाही.

शेजारच्या घरात पैठणच्या नाथांची गोष्ट सांगतात. काशीहून आणलेली गंगेची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. तिथेही प्रश्न पवित्र पाण्याचाच होता.

म्हणजे उरते ते धुण्याचे काम. ते नीट समजून केले तर कमी होते. लघवी थेंब-थेंब गळते म्हणजे पिशवी रिकामी होते असे नाही. अनेकदा ती तुंबलेली असते आणि वरचे तेवढे सांडते. दिवसातून दोन-तीनदा पोट हलकेच दाबून ती रिकामी करावी लागते. हे मनाने करू नये, चुकीचा जोर जिवावर बेततो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टरांकडून ते हाताने शिकून घ्यावे. सहरी, असर आणि तरावीहनंतर अशा वेळा बांधल्या की मधल्या काळात सांडणे बरेच कमी होते. मांजराला एक कोपरा, खाली जुन्या धोतराचे किंवा साडीचे तुकडे. जानमाज दुसऱ्या खोलीत. अंग कोमट पाण्याने धुऊन कोरडे करायचे, नाहीतर लघवीने कातडी सोलवटते. फरशीला फिनाईल नको. मांजर सरपटत जाते, मग अंग चाटते, आणि फिनाईल त्याला विष आहे. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते. लघवी गढूळ झाली, रक्त दिसले किंवा दिवसभर उतरलीच नाही, तर इफ्तारची वाट बघत बसू नये, डॉक्टर गाठावा.

एक गोष्ट मात्र खटकते. ‘राहू द्या बिचारे’ असे म्हणतात घरातले पुरुष, आणि फडकी धुते रोजा ठेवलेली सून. उन्हाळ्यात पाणी टँकरचे असेल तर तिचा जीव आणखी मेटाकुटीला येतो. मग एक दिवस तीच पोते मागते, आणि निर्दयतेचा बोल तिलाच लागतो. हदीसमधल्या घरात भांडे सासऱ्याने तिरके केले होते, सुनेने नाही. इफ्तारच्या आधीचा तासभर पुरुषमंडळी ओट्यावर घड्याळ बघत बसलेली असतात. दिवसभराची तीन-चार फडकी तेवढ्या वेळात धुऊन वाळत घालता येतात.